दादासाहेब फाळके यांचा कॅमेरा

आसनगावच्या फलाटावर उभे राहिले म्हणजे माहुलीचे सुळके नजरेत भरतात, आणि नाशिककडे धावणाऱ्या मेलगाड्या आपणांकडे ढुंकूनही न पाहता निघून जातात. हा लोहमार्ग १८६० साली वाशिंदहून आसनगावपर्यंत आला, पुढच्या वर्षी कसाऱ्यास पोचला आणि थळ घाट फोडून १८६५ साली इगतपुरीस गेला. मुंबईहून नाशिकास जाणाऱ्या आगगाडीची वाट हीच. १९१३ साली मुंबईतील एक त्रेचाळीस वर्षांचा गृहस्थ आपली बायकामुले, काही नटमंडळी आणि लाकडी पेटीसारखा दिसणारा एक कॅमेरा घेऊन नाशिकास राहावयास गेला. तो गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांस दादासाहेब म्हणू लागला.

दादासाहेबांनी भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट काढला, ही गोष्ट शाळेतील लहान मुलेही जाणतात. परंतु त्यांनी कॅमेरा प्रथम हाती घेतला तो १८९० साली, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांस दाखविला तो १९१३ साली. मधली तेवीस वर्षे ते काय करीत होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील शिकण्यासारखा भाग तोच आहे. म्हणून त्याच काळाचा वृत्तान्त येथे विस्ताराने देत आहोत.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृताचे शास्त्री होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाल्यावर त्यांनी आपले बिऱ्हाड मुंबईस हलविले. स्कॉटिश मिशनच्या या विद्यालयात त्र्यंबकचा एक वैदिक ब्राह्मण संस्कृत शिकवीत होता, हे त्या काळचे एक मनोहर दृश्यच म्हटले पाहिजे. मुलाचा ओढा मात्र शास्त्रांकडे नव्हता, चित्रांकडे होता. १८८५ साली तो सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाला आणि पुढे वडील बंधूंबरोबर बडोद्यास गेला. तेथील कलाभवनात त्याने तैलचित्रे, जलरंग, मूर्तिकाम आणि वास्तुकला या सर्वांत हात घातला. एकच विद्या धरून बसणे त्यास कधी जमले नाही. याबद्दल त्या वेळी वडीलधाऱ्यांनी कपाळास आठ्या घातल्या असतील. पण पुढे चित्रपटाच्या धंद्यात त्यांपैकी एकही विद्या वाया गेली नाही.

बडोद्यासच त्यांनी आपला पहिला कॅमेरा विकत घेतला. त्या काळी कॅमेरा घेणे म्हणजे काय होते, हे आज ध्यानात येणे कठीण आहे. उजेड किती आहे, हे सांगणारे यंत्र नव्हते. ते डोळ्यांनी ताडावयाचे. काच उजेडास किती वेळ उघडी ठेवावयाची, हे मनातल्या मनात मोजावयाचे. मग डार्करूममध्ये तांबड्या दिव्याखाली रसायने स्वतः मिसळावयाची, आणि चित्र उमटू लागले म्हणजे नेमक्या क्षणी बाहेर काढावयाचे. क्षणभर उशीर झाला की सारा खेळ काळा. आजही हौसेने जुन्या धर्तीचा रुंद फिल्मचा कॅमेरा हाती धरणारी मंडळी आहेत. त्यांस याची थोडी कल्पना येईल. १९०१ साली कोडॅक कंपनीने काढलेली १२० क्रमांकाची फिल्म अद्याप मिळते. सहा सेंटिमीटर लांबीरुंदीची चौकोनी चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात तिच्या एका गुंडाळीवर बाराच चित्रे निघतात. नवखा मनुष्य ती घाईने भरतो, फिल्म नीट गुंडाळण्यापूर्वीच उजेडात झाकण उघडतो आणि बाराच्या बारा चित्रांस मुकतो. दुसऱ्या गुंडाळीस तोच मनुष्य श्वास रोखून बसतो. फाळक्यांचे हे पहिले धडे बडोद्याच्या डार्करूममध्ये झाले.

कलाभवनाचे प्रमुख प्रोफेसर गज्जर यांनी या तरुणाचा हात ओळखला. तीन रंगांचे ठसे करण्याची व छायाचित्र शिळेवर उतरविण्याची विद्या शिकण्यासाठी त्यांनी त्यास रतलामला धाडले. पुढे फाळक्यांनी गोध्ऱ्यास फोटोग्राफीचा धंदा मांडला. त्यांचा विवाह झाला होता, घरात मूल होते. इतक्यात शतक सरता सरता प्लेगची साथ आली, आणि पत्नी व मूल दोन्ही तिने नेली. ते बडोद्यास परतले. तेथे पुन्हा कॅमेरा उभा केला, तर गावात निराळीच वार्ता पसरलेली. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य उणावते, अशी समजूत होऊन लोक दुकानाची पायरी चढेनात. या समजुतीस हसू नये. आपल्या शहापूर-मुरबाडच्या आजीबाईंतही फोटो म्हटला की पदर तोंडावर ओढणाऱ्या कित्येक होऊन गेल्या. नवे यंत्र गावात आले म्हणजे प्रथम भय येते, मग हौस येते. फाळक्यांच्या वाट्यास भय आले.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी सरस्वतीबाई; त्यांची गोष्ट पुढे येईल. १९०३ साली सरकारी पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून जागा मिळाली, पण वंगभंगानंतर स्वदेशीची लाट उठली आणि त्यांनी ती नोकरी सोडली. नंतर लोणावळ्यास व पुढे दादरास छापखाना काढला, राजा रविवर्म्याच्या चित्रांचे ठसे केले, रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ साली जर्मनीची वारी केली. छापखाना नावारूपास आला. परंतु भागीदारांशी बिनसले, आणि चाळिशी उलटलेला हा गृहस्थ रिकाम्या हाताने बाहेर पडला.

अशा मनःस्थितीत गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे प्रसंग एकामागून एक सरकत होते, आणि पाहणाऱ्याच्या मनात राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या हलू लागली होती. जे परक्यांनी आपल्या प्रभूचे केले, ते आपण आपल्या देवतांचे का करू नये, हा विचार त्यांच्या मनात ठाण मांडून बसला. दुसऱ्या खेळास ते सरस्वतीबाईंस घेऊन गेले. त्या दिवसापासून त्यांनी दुसरे काही पाहिले नाही. बाजारातून लहानसा कॅमेरा व काही रिळे आणली, मेणबत्तीच्या उजेडापुढे भिंग धरून घरच्या भिंतीवर चित्रे पाडली, आणि मुंबईत येईल तो प्रत्येक खेळ पाहिला. दिवसा प्रयोग, सायंकाळी चित्रगृह, रात्री पुन्हा प्रयोग. काही महिन्यांत डोळ्यांनी साथ सोडली आणि दृष्टी जवळजवळ गेली. ज्याचा सारा धंदा डोळ्यांवर, त्याच्यावर याहून कठीण प्रसंग कोणता यावा? डॉक्टरांच्या उपचाराने व एकापरीस एक अशा तीनचार चष्म्यांनी ती परत आली. ती आली नसती तर आज त्यांचे नाव घ्यावयास कोणी उरले नसते.

दृष्टी आली, पण यंत्र नव्हते. ते विलायतेस मिळत होते, आणि तेथे जाण्यास पैसा हवा होता. फाळक्यांनी आपली विम्याची कागदपत्रे गहाण टाकली. याचा अर्थ नीट पाहावा: आपण मेलो तर मुलांच्या तोंडी जो घास पडावयाचा, तो त्यांनी जिवंतपणीच डावास लावला. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनास निघाले. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. मुंबईत ते ‘बायोस्कोप’ नावाचे साप्ताहिक वाचीत. त्याच्या कचेरीची पाटी रस्त्यावर दिसली आणि ते सरळ आत शिरले. संपादकांनी प्रथम त्यांस या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. परंतु हा मनुष्य हटत नाही असे पाहून त्यांनी त्यांची सेसिल हेपवर्थ या चित्रपटकर्त्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपल्या कारखान्याचे सर्व विभाग त्यांस मोकळ्या मनाने दाखविले. दोन आठवड्यांच्या वास्तव्यात फाळक्यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला, फिल्मच्या कडेस छिद्रे पाडण्याचे यंत्र घेतले, कोडॅकची कोरी फिल्म मागविली, आणि १ एप्रिलला ते घरी परतले. दोन आठवडे पुरे झाले, ते मागल्या बावीस वर्षांच्या तयारीमुळे, हे वेगळे सांगावयास नको.

सामान आले तेव्हा दादरच्या घरात जे घडले, ते आम्हांस या चरित्रातील सर्वांत रम्य प्रकरण वाटते. कोरी फिल्म छिद्रांवाचून येई. ती अंधारात यंत्रातून ओढून दोन्ही कडांस छिद्रे पाडावी लागत, कारण त्या छिद्रांत दाते अडकल्याखेरीज कॅमेऱ्यात फिल्म सरकत नाही. एका फुटात सोळा चित्रे, आणि प्रत्येक चित्रास दोन्ही बाजू मिळून आठ छिद्रे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती. आमच्या गणिताच्या वर्गातील मुलांनी हिशेब करून पाहावा; उत्तर पावणेपाच लाखांच्या घरात येईल. ही छिद्रे पाडण्यास सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म कॅमेऱ्यात भरणे, रसायने मिसळणे, चित्रे धुऊन काढणे, हेही त्या शिकल्या. दिवसा चित्रण चालू असता उजेड परतविण्यासाठी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या, आणि साठसत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांनीच केला. दादासाहेबांच्या नावाने आज पारितोषिक दिले जाते. सरस्वतीबाईंच्या नावाचा उच्चार मात्र क्वचितच होतो, याचा आम्हांस खेद वाटतो.

एवढे झाले तरी कथापटास भांडवल देण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर रोखून ठेवला. ठरावीक अंतराने एकेक चित्र घ्यावयाचे, कॅमेरा हलवावयाचा नाही, कुंडी हलवावयाची नाही. महिन्याहून अधिक काळ हा क्रम चालला. मग ती फिल्म धुऊन भिंतीवर दाखविली, तेव्हा मिनिटभराच्या अवधीत बीज फुटले, अंकुर वर आला, पाने उलगडली आणि वेल डोलू लागला. पाहणारे सावकार थक्क झाले व पैसा मिळाला. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ही लहानशी फिल्म प्रसिद्ध आहे. तिच्यात नट नाही, कथा नाही. तरी तेवीस वर्षांत शिकलेले सर्व काही तिच्यात आले आहे.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तारामतीच्या भूमिकेस कोणी स्त्री मिळेना. तेव्हा ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारा साळुंके नावाचा तरुण तारामती झाला. बाहेरच्या चित्रणासाठी मंडळी वांगणीस गेली. आपल्या मुरबाडच्या पलीकडचे हे गाव. ढालतलवारी घेतलेले हे लोक पाहून गावकऱ्यांस दरोडेखोर आल्याचा संशय आला आणि सारी नटमंडळी अटकेत पडली. फाळके तापाने आजारी होते. ते मागाहून धावत आले व कॅमेरा उघडून त्यांनी अंमलदारास सर्व प्रकार समजावून दिला, तेव्हा सुटका झाली. याच चित्रणाच्या वेळी रोहिदासाचे काम करणारा त्यांचा मुलगा भालचंद्र दगडावर पडून बेशुद्ध झाला. डोके फुटले होते. प्राथमिक उपचार झाल्यावर दादासाहेबांनी मृत रोहिदासाचा प्रसंग तशाच स्थितीत उरकून घेतला. कित्येक लेखक यास निष्ठा म्हणून गौरवितात. आम्हांस हा प्रसंग वाचताना बापाची बाजू घेणे जड जाते.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांस दाखविण्यात आला, आणि त्याच वर्षी फाळके कुटुंब घाट चढून नाशिकास गेले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ व ‘लंका दहन’ यांनी कीर्ती आणि पैसा दिला. ‘लंका दहना’त राम आणि सीता दोन्ही कामे साळुंक्यांनीच केली. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. ‘कालिया मर्दना’त त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. परंतु येथेही भागीदारांशी जमेना. ते काशीस निघून गेले, नाटक लिहिले, परत आले. तोवर बोलपटांचे युग उजाडले. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा कोल्हापूर सिनेटोनसाठी काढलेला बोलपट त्यांचा शेवटचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा गाठीस फारसे काही उरले नव्हते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी काही भागच आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पाहावयास मिळतो.