शहराचे डॉक्टर : पॅट्रिक गेडिस

दिवाळीआधी घराची साफसफाई आपण सगळेच करतो. पण दिवाळीच्या निमित्ताने अख्खे शहर लोकांकडून साफ करून घेणारे एक स्कॉटिश प्राध्यापक होऊन गेले. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलटर गावी झाला. त्यांचा मूळ विषय जीवशास्त्र. तरुणपणी मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकाचे काम कमी करावे लागले आणि त्यांचे लक्ष माणसांच्या वस्त्यांकडे वळले. १८८६ मध्ये त्यांचे ॲना यांच्याशी लग्न झाले. त्यानंतर ते दोघे एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ झालेल्या भागात मुद्दाम राहायला गेले. तिथल्या रहिवाशांना बरोबर घेऊन त्यांनी भिंती रंगवल्या, घरे दुरुस्त केली, मोकळ्या जागांत बागा केल्या.

१९१४ मध्ये गेडिस भारतात आले. शहरांविषयीच्या प्रदर्शनाचे त्यांचे नकाशे व चित्रे ज्या जहाजात होती, ते जहाज एम्डन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. (याच एम्डनचे काही खलाशी पुढे आपल्या सिंगापुरात टँगलिनच्या छावणीत कैदी होते!) मित्रांनी नवे साहित्य जमवून पाठवले आणि प्रदर्शन भरलेच.

त्या काळी दाट वस्ती दिसली की इंजिनिअर नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता आखत. मधे येणारी घरे पाडली जात. घरे गेलेली गरीब माणसे दुसऱ्या दाट वस्तीत शिरत आणि तिथली गर्दी वाढे. गेडिस आधी गल्लीगल्लीतून पायी फिरत. कोणते घर खरोखर पडायला आले आहे, विहीर कुठे आहे, झाडाखाली कोण बसते, हे पाहत. मग अगदी मोडकळीला आलेली थोडी घरे काढून तिथे चौक किंवा बाग सुचवत. बाकीची वस्ती जागच्या जागी राही आणि खर्चही कितीतरी कमी येई. कुशल डॉक्टर गरजेपुरतेच कापतो, तशी ही शस्त्रक्रिया होती. आम्ही सॉफ्टवेअरवालेही जुना प्रोग्रॅम पाहिला की सगळा पुसून नवा लिहायला निघतो. चालू असलेले आधी समजून घ्यायला धीर लागतो.

१९१७ हे वर्ष गेडिस यांना फार कठीण गेले. एप्रिलमध्ये मुलगा ॲलस्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना तेव्हा भारतात आजारी होत्या. त्यांना ही बातमी सांगण्याचे धैर्य गेडिस यांना झाले नाही. जूनमध्ये त्याही गेल्या. तरी गेडिस यांनी काम सोडले नाही.

होळकरांच्या इंदुरात त्या काळी प्लेगची भीती होती. गेडिस हातात नकाशा घेऊन फिरू लागले की लोक घाबरत. हा साहेब घरे पाडणार, असे त्यांना वाटे. तेव्हा गेडिस यांनी एका दिवसासाठी शहराचा महाराजा होण्याची परवानगी मागून घेतली आणि दिवाळीला एक मोठी मिरवणूक जाहीर केली. अट एकच होती. ज्या रस्त्यावरची सर्वांत जास्त घरे साफ व दुरुस्त होतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाणार. मग काय, शहरभर चढाओढ लागली. घराघरांतून, अंगणांतून गाड्याच्या गाड्या भरून कचरा निघाला. प्लेगच्या पिसवा उंदरांच्या अंगावर असतात. कचरा गेला की उंदरांचा आसराही जातो.

मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. त्यांच्यामागून स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, फुले लावून, शहराचे सफाई कामगार सन्मानाने चालले. एरवी ज्यांना लोक दूर ठेवत, त्यांना त्या दिवशी मान मिळाला. लक्ष्मीही होती. शेवटी राक्षसाचे दहन झाले आणि लोकांना तुळशीची रोपे वाटली. पुढे साथ ओसरली. त्याचे सगळे श्रेय मिरवणुकीला देता येणार नाही, कारण साथ ऋतुमानाप्रमाणेही ओसरते. पण नकाशावाला साहेब आपला शत्रू नाही, हे लोकांना पटले.

१९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत निघाला. १९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. प्रसिद्ध समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांना तिथेच त्यांचे मार्गदर्शन मिळाले. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे गेडिस यांचे निधन झाले.

आपल्या लिटल इंडियातली जुनी दुकानघरे १९८९ पासून संरक्षित आहेत, म्हणून आज आपल्याला पाहायला मिळतात. शहराच्या नव्या आराखड्याचा मसुदाही इथे लोकांपुढे मांडला जातो व सूचना मागवल्या जातात. पालकहो, पुढच्या वेळी मुलांना ते प्रदर्शन जरूर दाखवा. सूचना लिहायलाही लावा.

करून पाहा : आपल्या ब्लॉकभोवती पायी फिरा आणि एक नकाशा काढा. आजीआजोबा कुठे बसतात, सावली कुठे आहे, मुले कुठे खेळतात, ते त्यात दाखवा. एक बदल सुचवा, पण आधी तिथे रोज बसणाऱ्यांना विचारा. नकाशे पुढच्या शनिवारी वर्गात आणा.