विश्लेषण : सामन्यात राजकीय घोषणा हव्यात की नकोत? सेल्टिकच्या वादात दोन्ही बाजू ब्रदर वॉलफ्रिड यांचेच नाव का घेतात?

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात सेल्टिक फुटबॉल क्लबच्या मैदानाबाहेर एका धर्मबंधूचा पुतळा आहे. सामन्याच्या दिवशी हिरव्या-पांढऱ्या जर्सीतील हजारो चाहते त्याच्यासमोरून आत जातात. आत गेल्यावर मात्र एका प्रश्नावर त्यांच्यात एकमत नसते. स्टँडमधून राजकीय घोषणा द्याव्यात का, राजकीय गाणी म्हणावीत का, झेंडे फडकवावेत का? विशेष म्हणजे दोन्ही बाजू आपल्या समर्थनार्थ पुतळ्यातील याच माणसाचा दाखला देतात. हे ब्रदर वॉलफ्रिड कोण होते?

वाद नेमका काय?

यातील एक ठिणगी ऑक्टोबर २०२३ मधली. अॅटलेटिको माद्रिदविरुद्धच्या सामन्यात क्लबने विनंती करूनही अनेक चाहत्यांनी पॅलेस्टाइनचे झेंडे फडकवले. युरोपीय फुटबॉल महासंघाच्या (युएफा) नियमांनुसार मैदानात राजकीय संदेश देण्यास मनाई आहे. त्यामुळे क्लबला १७,५०० युरोंचा दंड झाला. त्यापूर्वीच क्लबने ‘ग्रीन ब्रिगेड’ या कट्टर चाहत्यांच्या गटाचे हंगामी पास स्थगित केले होते.

हा वाद त्याहून बराच जुना आहे. आयरिश बंडखोरांचा गौरव करणाऱ्या गाण्यांवरून चाहत्यांमध्ये अनेक दशके मतभेद आहेत. अशी गाणी आणि धार्मिक द्वेष यांपासून क्लबला दूर नेण्यासाठी १९९६ मध्ये क्लबनेच मोहीम काढली होती. स्कॉटलंडच्या संसदेने सामन्यांतील आक्षेपार्ह वर्तनाविरुद्ध केलेला कायदा २०१२ मध्ये लागू झाला आणि २०१८ मध्ये रद्दही झाला.

एका गटाचे म्हणणे असे की, क्लब गरिबांच्या मदतीसाठी निघाला, त्याला राजकारणात ओढू नका. दंड क्लबला भरावा लागतो आणि बदनामी सगळ्यांची होते. दुसरा गट म्हणतो की, उपाशी स्थलांतरितांनी काढलेला क्लब राजकारणापासून वेगळा कधी नव्हताच.

दुष्काळातून ग्लासगोला

वॉलफ्रिड यांचे मूळ नाव अँड्र्यू केरिन्स. जन्म १८४० चा, आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातील बॅलिमोट गावचा. ते पाच वर्षांचे असताना बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि आयर्लंडमध्ये महादुष्काळ सुरू झाला. तेव्हा आयर्लंडवर ब्रिटिशांचे राज्य होते. त्या काही वर्षांत सुमारे १० लाख लोक मेले आणि तितकेच देश सोडून गेले. त्या काळातही आयर्लंडमधून धान्य निर्यात होत राहिले. आयरिश मनात ही सल कायमची राहिली.

केरिन्स किशोरवयात ग्लासगोला आले. दिवसा काम आणि रात्री शिक्षण, असे दिवस त्यांनी काढले. १८६४ मध्ये ते मॅरिस्ट ब्रदर्स या कॅथलिक संघात दाखल झाले आणि वॉलफ्रिड झाले. ते धर्मगुरू नव्हते. शिकवण्याचे व्रत घेतलेले धर्मबंधू होते. १८७४ मध्ये ते शहराच्या पूर्व भागातील सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक झाले.

एका पेनीचे जेवण

हा भाग आयरिश मजुरांच्या दाट वस्तीचा होता. मुले उपाशीपोटी शाळेत येत किंवा येतच नसत. १८८० च्या दशकात वॉलफ्रिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत मुलांच्या जेवणाची सोय केली. एका पेनीत गरम जेवण मिळे. घरून पाव आणणाऱ्या मुलाला आणखी कमी पैशांत सूप मिळे. ज्यांच्याकडे काहीच नसे, त्यांनाही जेवण मिळे. पैसे नाममात्र असले तरी ते घेतल्याने आई-वडिलांचा स्वाभिमान राही आणि जेवणाच्या निमित्ताने मुले शाळेत टिकत.

यामागे धर्माचाही विचार होता. प्रोटेस्टंट संस्थांच्या अन्नछत्रांत गेलेली कॅथलिक मुले आपला पंथ सोडतील, ही भीती त्या काळी कॅथलिक धर्मगुरूंना होती आणि वॉलफ्रिड यांनाही होती. हा तपशील आज दोन्ही गट फारसा सांगत नाहीत.

फुटबॉलच का?

जेवणासाठी पैसा लागत होता आणि फुटबॉलला गर्दी जमत होती. एडिनबरातील आयरिश कॅथलिकांच्या हायबर्नियन क्लबने फेब्रुवारी १८८७ मध्ये स्कॉटिश चषक जिंकला. ग्लासगोतील आयरिश वस्तीत त्याचा जल्लोष झाला. असाच क्लब आपल्याकडे का नसावा, हा विचार तेव्हा पक्का झाला. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात क्लबची स्थापना झाली.

नावासाठी हायबर्नियनसारखे थेट आयरिश नाव अनेकांना हवे होते. वॉलफ्रिड यांनी सेल्टिक या नावाचा आग्रह धरला. हा शब्द आयरिश आणि स्कॉटिश या दोन्ही लोकांना जोडणारा होता. जानेवारी १८८८ च्या जाहीर आवाहनात तीन कॅथलिक वस्त्यांतील गरजू मुलांच्या जेवणासाठी निधी उभा करणे हे मुख्य उद्दिष्ट नोंदवले होते. २८ मे १८८८ रोजी पहिला सामना रेंजर्सविरुद्ध झाला. सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला.

राजकारण केव्हा आले?

पहिल्या दिवसापासूनच. पहिले अध्यक्ष जॉन ग्लास आयरिश होमरूलच्या चळवळीत सक्रिय होते. (टिळक आणि अॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये भारतात स्थापन केलेल्या लीगचे होमरूल हे नाव याच आयरिश चळवळीतून आले.) १८९२ मध्ये नवे मैदान तयार झाले, तेव्हा आयर्लंडच्या डोनेगॉलमधून आणलेल्या हिरवळीचा पहिला तुकडा मायकल डेव्हिट यांच्या हस्ते बसवण्यात आला. डेव्हिट हे जमीनदारांविरुद्ध शेतकऱ्यांना संघटित करणारे आयरिश नेते.

१९५२ मध्ये मैदानावरील आयरिश तिरंगा उतरवा, असा आदेश स्कॉटिश फुटबॉल संघटनेने दिला. सेल्टिकने तो मानला नाही. त्या वेळी कट्टर प्रतिस्पर्धी रेंजर्सने सेल्टिकची बाजू घेतली होती.

वॉलफ्रिड यांचे पुढे काय झाले?

ज्या वर्षी डेव्हिट आले, त्याच वर्षी, १८९२ मध्ये, संघाने वॉलफ्रिड यांची लंडनला बदली केली. तेथेही ते गरीब वस्तीतील मुलांचे फुटबॉल सामने भरवत राहिले. इकडे १८९७ मध्ये सेल्टिक मर्यादित कंपनी झाली. नफा भागधारकांकडे जाऊ लागला आणि मुलांच्या जेवणाला मिळणारी मदत आटली. १७ एप्रिल १९१५ रोजी डमफ्रीस येथे वॉलफ्रिड यांचे निधन झाले. पुतळा उभा राहायला २००५ साल उजाडले.

मग बरोबर कोण?

वॉलफ्रिड यांचे आयुष्य कोणत्याच बाजूला पूर्ण विजय मिळवून देत नाही. त्यांचे काम घोषणांचे नव्हते, पैसे जमवून मुलांना जेवू घालण्याचे होते. नाव निवडतानाही त्यांनी भिंत उभी करण्याऐवजी दार उघडे ठेवले. त्याच वेळी, ती भूक राजकारणातून आली होती आणि क्लब उभारताना त्यांचे सहकारी राजकारणी होते, हेही खरे. क्लब राजकारणापासून दूर होता, हा दावा त्यामुळे टिकत नाही; प्रत्येक गाण्याला संस्थापकाचा आशीर्वाद आहे, हाही टिकत नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये इस्रायलच्या हपोएल बेर शेवा संघाविरुद्ध पॅलेस्टाइनचे झेंडे फडकल्याने सेल्टिकला ८,६१५ पौंडांचा दंड झाला. त्यावर चाहत्यांनी पॅलेस्टिनींसाठीची वैद्यकीय मदत आणि बेथलेहेमजवळच्या निर्वासित छावणीतील मुलांचे केंद्र यांच्यासाठी वर्गणी काढली. १ लाख ७० हजार पौंडांहून अधिक रक्कम, म्हणजे दंडाच्या सुमारे वीसपट, जमा झाली. झेंड्यांवरून चाहत्यांचे आजही पटत नाही. पण लोकांकडून पैसे गोळा करून मुलांपर्यंत पोहोचवणे हीच १८८७ मध्ये क्लब काढण्यामागची कल्पना होती.