एक रुपया मानधन आणि मास्तरांची पेन्शन

नोव्हेंबर उजाडला की किनवटला आमच्या बँकेच्या काउंटरपुढे म्हाताऱ्या माणसांची रांग लागायची. हयातीचा दाखला द्यायचा असे. त्यांत निवृत्त मास्तर बरेच. ज्यांनी अर्ध्या तालुक्याला अक्षर गिरवायला शिकवले, त्यांचा हात आता कापायचा आणि सही नमुन्याशी जुळायची नाही. तरीही त्यांचे बरे चालले होते म्हणायचे. त्याच रांगेच्या बाजूला एखादे गुरुजी मुदतठेवीची पावती घेऊन उभे असत. आयुष्यभर खासगी संस्थेत शिकवून हाती आलेली फंडाची रक्कम, तीही थोडी थोडी मोडत आणलेली. त्यांना हयातीचा दाखला कुणी मागत नसे. एकाच पेशातल्या या दोन म्हातारपणांमधली दरी बुजवायचा आराखडा ज्यांच्या हातून देशापुढे आला, त्यांत एक मराठी नाव ठळक आहे : जे. पी. नाईक.

हे त्यांचे जन्मनाव नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत 5 सप्टेंबर 1907 रोजी विठ्ठल हरी घोटगे जन्मले. जयंत पांडुरंग नाईक हे नाव त्यांनी स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत घेतले आणि तेच पुढे कायमचे झाले. (त्यांची जन्मतारीख पुढे शिक्षकदिन ठरली, ती अर्थात राधाकृष्णन यांच्यामुळे.) गणितात हुशार असलेला हा तरुण सविनय कायदेभंगात तुरुंगात गेला. तिथे त्याने आजारी कैद्यांची शुश्रूषा केली. सुटल्यावर शहरात नोकरी न शोधता तो धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिला. शाळा, आरोग्य, रस्ते, जे हाताला लागेल ते काम केले. पुढे कोल्हापूर संस्थानात विकासाची कामे, सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा इतिहास, 1948 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनची स्थापना, गारगोटीचे मौनी विद्यापीठ. एवढ्यावरही एखाद्याचे आयुष्य भरले असते. पत्नी चित्रा नाईक याही शिक्षणक्षेत्रातल्या मोठ्या कार्यकर्त्या.

दिल्लीत शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार म्हणून त्यांनी एक रुपया नाममात्र मानधनावर काम केले. 1964 मध्ये डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. 29 जून 1966 रोजी अहवाल सादर झाला. त्यातले शिक्षकांच्या दर्जाविषयीचे प्रकरण मी बँकवाल्याच्या नजरेने वाचले आहे. आयोगाचे म्हणणे सरळ होते. मास्तर सरकारी शाळेत असो, स्थानिक संस्थेच्या असो की खासगी, निवृत्तीचे लाभ सारखेच हवेत, आणि ते केंद्र सरकारच्या नोकरांना मिळतात तसे हवेत. ते होईपर्यंत फंड, विमा आणि पेन्शन अशी तिहेरी सोय तरी करावी. फंडाला चांगले व्याज मिळावे. म्हातारपणी हात पसरावे लागणार असतील, तर हुशार मुले या पेशात येणार नाहीत, हे त्यामागचे साधे गणित. स्वतः एक रुपया घेणाऱ्याने दुसऱ्याच्या त्यागावर मात हिशेब बसवला नाही, हे मला त्यांच्यातले मोठेपण वाटते. मास्तरांना त्यागाचे धडे द्यायला आपल्याकडे माणसांची वाण कधीच नव्हती.

महाराष्ट्रात अनुदानित खासगी माध्यमिक शाळांच्या शिक्षकांसाठी पेन्शनचा शासन निर्णय 4 नोव्हेंबर 1968 चा. लाभ 1 एप्रिल 1966 पासून. तारीख आली की तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन गट पडतातच. काउंटरपाशी पावती घेऊन उभे राहणारे आमचे गुरुजी पलीकडचे होते. महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना तर आणखी थांबावे लागले. नाईक 30 ऑगस्ट 1981 रोजी पुण्यात वारले. खासगी महाविद्यालयांची पेन्शन योजना आली 21 जुलै 1983 ला, तीही 1 ऑक्टोबर 1982 पासून निवृत्त होणाऱ्यांना. आधी निवृत्त झालेले पुन्हा पलीकडेच.

मग 1 नोव्हेंबर 2005 ही तिसरी तारीख आली. त्या दिवसापासून नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली आणि अंशदानाची योजना आली. मार्च 2023 मध्ये राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक त्यासाठी आठवडाभर संपावर होते. सगळ्यांत अवघड जागी अडकले ते मधले : नेमणूक 2005 च्या आधीची, पण शाळेला पूर्ण अनुदान मिळाले त्यानंतर. नेमणुकीचा दिवस धरायचा की अनुदानाचा, यावर त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. डोंगराळ, आदिवासी वस्तीच्या आमच्या भागात अनुदानाची वाट बघत, पगाराविना वर्षेच्या वर्षे शिकवणारे मास्तर मी पाहिले आहेत. पगार नसताना भरलेली हजेरी सेवापुस्तकात कशी मोजायची, हा प्रश्न त्यांचे कारकून मला, म्हणजे बँकेच्या माणसाला, विचारत.