जमा आणि नावे

शाळेत असताना बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पाठ्यपुस्तकात लपवून वाचल्या. पुढे बँकेत लागलो, कादंबऱ्या लिहू लागलो, तरी लपवण्याची खोड काही गेली नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईला काम निघालं की संध्याकाळी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायची आणि काउबॉयच्या चित्राचं एखादं पिशवीच्या तळाशी घालून आणायचं. त्यांतल्या कितीतरी पुस्तकांवर एकच नाव असे, मॅक्स ब्रँड. गंभीर लेखकाने हे वाचू नये असं मला वाटे. खुद्द मॅक्स ब्रँडलाही त्या पुस्तकांची माझ्याइतकीच लाज वाटत होती, हे मात्र फार उशिरा कळलं.

त्याचं खरं नाव फ्रेडरिक फाउस्ट. जन्म १८९२ चा, अमेरिकेत सिएटलला. आईवडील लहानपणीच गेले. हा पोरका मुलगा कॅलिफोर्नियात शेतांवर राबत वाढला. बर्कलीच्या विद्यापीठात त्याने कविता केल्या, नाव कमावलं आणि वरिष्ठांचा रोषही ओढवून घेतला. १९१५ साली त्याची पदवी हुकली. मग वार्ताहर होण्यासाठी तो हिंदुस्थानला निघाला, पण होनोलुलूच्या पुढे पोचला नाही. महायुद्धावर जायचं म्हणून कॅनडाच्या सैन्यात शिरला, पण आघाडी काही दिसली नाही. शेवटी रिकाम्या खिशाने न्यूयॉर्कला आला.

तिथे १९१७ साली त्याला रॉबर्ट डेव्हिस हे संपादक भेटले. त्यांनी गोष्टीची नुसती कल्पना सांगितली आणि हा गडी काही तासांत पुरी गोष्ट लिहून घेऊन आला, असं सांगतात. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या हलक्या कागदावर छापली जाणारी ती ‘पल्प’ मासिकं शब्दागणिक पैसे देत. युद्धाच्या दिवसांत जर्मन आडनाव अडचणीचं होतं, म्हणून मॅक्स ब्रँड जन्मला. पुढे एकाच अंकात त्याच्या दोन-तीन गोष्टी येऊ लागल्या, तेव्हा जॉर्ज ओवेन बॅक्स्टर आणि डेव्हिड मॅनिंगही जन्मले. अशी वीसेक नावं झाली. सारं मिळून त्याने अडीच-तीन कोटी शब्द लिहिले असावेत.

हे सगळं कशासाठी, तर कवितेसाठी. १९२१ मध्येच त्याचं हृदय दुखावलं होतं, तरी टाइपरायटर थांबला नाही. त्या कमाईवर तो इटलीत फ्लॉरेन्सजवळ एका बंगल्यात राहिला. गोष्टी धडाधड टंकित होत, कविता हाताने सावकाश उतरे. फाउस्ट हे खरं नाव त्याने मुख्यतः कवितेसाठी राखून ठेवलं होतं. १९३१ साली ऑक्सफर्डहून ‘डायोनिसस इन हेडीज’ हे त्याचं दीर्घकाव्य निघालं. त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही.

गंमत अशी, की ज्या ग्रीक पुराणांसाठी त्याने कविता झिजवली, तीच त्याच्या घोडेस्वारांच्या अंगात संचारली होती. ‘द अनटेम्ड’चा नायक डॅन बॅरी काळा घोडा आणि लांडग्यासारखा कुत्रा घेऊन फिरतो, तो काउबॉय कमी आणि वनदेव जास्त वाटतो. घाईने लिहिलेलं बरंच लेखन पोकळ आहे, हे कबूल. पण १९३० च्या ‘डेस्ट्री राइड्स अगेन’वर पुन्हा पुन्हा चित्रपट निघाले. एका सर्जन मित्रावरून सुचलेला त्याचा डॉक्टर किल्डेअर १९३६ साली छापून आला. तो पडद्यावर गेला आणि १९६१ मध्ये दूरचित्रवाणीवरही आला.

ते पाहायला फाउस्ट नव्हता. १९४४ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, दुबळं हृदय घेऊन तो ‘हार्पर्स’ मासिकाचा युद्धवार्ताहर म्हणून इटलीत गेला. तरुणपणी हुकलेली आघाडी त्याला अखेर गाठायची होती. पायदळाच्या पोरांबरोबर सांता मारिया इन्फांते गावाच्या चढाईत तो पुढे राहिला. तोफगोळ्याच्या तुकड्याने जखमी झाला आणि १२ मे रोजी गेला.

मीही तीस वर्षं हाच हिशोब मांडला. रात्रीचं लेखन जमेला आणि दिवसाची बँक नावे. निवृत्तीनंतर माझ्या कादंबऱ्या पुन्हा काढून वाचल्या. कर्जासाठी पाटल्या उतरवून टेबलावर ठेवणारी बाई, पेन्शनच्या रांगेतले म्हातारे, अंगठा उमटवून वर बघणारा शेतकरी, माझी जिवंत माणसं तेवढीच होती. बाकीची मी रात्री जागून रचलेली. बँकेने माझा वेळ खाल्ला अशी तक्रार मी घरात किती वर्षं केली, ते बायकोला विचारा.

खातं कोणत्या बाजूला लिहायचं ते आपल्या हातात असतं. शिल्लक कुठे निघेल, ते नसतं. फाउस्टला ते बघायला मिळालं नाही. मला उशिरा का होईना मिळालं. आता मॅक्स ब्रँडची ती दुमडलेल्या कोपऱ्यांची पुस्तकं बाहेरच्या खोलीतल्या फडताळात, समोरच लावली आहेत.