विश्लेषण : घरोघरी फिरून मोडी कागद वाचवणारे इतिहासाचार्य राजवाडे कोण होते? त्यांचे मंडळ ११० वर्षांनंतरही काय करते?

पुण्यातील अप्पा बळवंत चौक म्हणजे पुस्तकांचा चौक. इंजिनीअरिंगपासून एमपीएससीपर्यंत सगळ्यांना कधी ना कधी तिथे जावेच लागते. चौकाला ज्यांचे नाव आहे ते अप्पा बळवंत म्हणजे पेशवाईतील सरदार मेहेंदळे. त्यांचे वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत, मुख्य लढाईच्या महिनाभर आधी मारले गेले. याच मेहेंदळे घराण्यातील सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे आणि इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. ज्या पत्रांमुळे पानिपतचा इतिहास नव्याने लिहावा लागला, ती पत्रे त्याआधी बारा वर्षे राजवाड्यांनीच छापली होती.

शाळेच्या पुस्तकात राजवाड्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो. त्यांनी नेमके काय केले आणि त्यासाठी संस्था का काढावी लागली, हे त्यात नसते.

मराठ्यांचा इतिहास घराघरांत का पडून होता?

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. ते पुण्यातच होते, पण मोजके अपवाद वगळता भारतीय अभ्यासकांना तिथे प्रवेश नव्हता. मराठ्यांचा इतिहास म्हणून तेव्हा वाचले जाई ते कॅप्टन ग्रँट डफचे पुस्तक. ते तपासून पाहायचे तर मूळ कागद हवेत आणि सरकारी कागद कुलपात, अशी ही अडचण.

पण राज्यकारभाराचा सगळाच कागद पुण्याच्या दप्तरात नव्हता. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार, सरदार, वकील, सावकार, मठ, देवस्थाने अशा प्रत्येकाकडे आपापले कागद होते. वतनाचा पुरावा म्हणून ते पिढ्यान् पिढ्या जपले जात. सनदा, निवाडे, हिशेब, लढाईच्या बातम्या, घरगुती पत्रे असे सगळे एकाच रुमालात बांधलेले असे. (रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचे चौकोनी फडके. अभिलेखागारात हा शब्द आजही चालतो.)

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे रुमाल झपाट्याने नष्ट होत होते. वतने गेली, नवी पिढी इंग्रजी शाळेत शिकू लागली, मोडी वाचणारे कमी झाले. कागद माळ्यावर गेले आणि तिथे त्यांना वाळवी व कसर लागली. उरलेले वाण्याच्या पुड्यांना गेले, नाहीतर भिजवून टोपल्या करायला. हे थांबवायचे तर दारोदार जाणे एवढाच मार्ग होता.

राजवाडे या कामात कसे आले?

राजवाड्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसईला झाला. ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे याच गावचे. वडील लहानपणीच गेले. पुढचे आयुष्य पुण्याकडे गेले. शिक्षण अडखळत, पण झाले. डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले. काही काळ शिक्षकी केली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत पत्नीचे निधन झाले आणि त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक झाले. विश्वनाथरावांनी मात्र कायमची नोकरी धरलीच नाही.

सुरुवातीला त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. जगातले मोठे ग्रंथ मराठीत आणायचे, हा हेतू. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतरही त्यांनी केले. पण लवकरच वाईला मिळालेल्या पत्रांनी त्यांचा रस्ता बदलला. ही पत्रे पानिपतच्या आसपासच्या काळातील होती. मोहिमेत प्रत्यक्ष असलेल्या, किंवा तिच्या बातम्या कळवणाऱ्या माणसांनी त्या-त्या दिवशी लिहिलेली. बखरी घटनेनंतर, अनेकदा खूप वर्षांनी लिहिल्या गेल्या होत्या. इथे घटना घडतानाच कागदावर उतरली होती.

१८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड आला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे होती आणि त्यांना राजवाड्यांची दीर्घ प्रस्तावना होती. ग्रँट डफच्या चुका त्यांनी पुराव्यानिशी मांडल्या. पुढच्या सुमारे दोन दशकांत या मालेचे एकूण २२ खंड निघाले.

या क्षेत्रात ते एकटे नव्हते. काशिनाथ नारायण साने यांचे ‘काव्येतिहाससंग्रह’ १८७८ पासून निघत होते, मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरावर बसले होते, साताऱ्यात पारसनीस होते. राजवाडे वेगळे ठरले ते फिरण्यामुळे. एका दप्तरावर न थांबता ते गावोगाव गेले.

कागद मिळवणे आणि वाचणे इतके अवघड का होते?

पहिली अडचण माणसांची. इंग्रजांनी १८५२ मध्ये इनाम कमिशन नेमले होते. कागद दाखवा, नाहीतर इनाम जाईल, असा तो मामला. अनेकांची इनामे खरोखर गेली. त्यामुळे पुण्याहून आलेला अनोळखी माणूस जुने कागद मागतो म्हटल्यावर घरमालकाच्या मनात पहिली शंका कोणती येत असेल, ते सांगायला नको. कुणी नाही म्हणे, कुणी उद्या या म्हणे. राजवाडे पुन्हा जात. मैलोन् मैल पायी चालत, स्वतः रांधून खात. त्यांचा स्वभाव तापट होता. अशा माणसाने लोकांच्या ओट्यावर वाट पाहत बसणे, ही मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत अनपेक्षित गोष्ट वाटते.

दुसरी अडचण लिपीची. मोडी शक्यतो हात न उचलता लिहितात. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लोंबकळत ठेवायची. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शिवाय फारसी शब्द भरपूर आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे.

तिसरी अडचण तारखेची आणि ती सर्वांत किचकट. बहुतेक पत्रांत सालच नसते. आधी ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख दिलेली असते, बस्स. मोबाइलमधल्या फोटोवर दिवस आणि महिना आहे, पण वर्षच नाही, असे समजा. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे रजब किंवा रमजान कधी पावसाळ्यात येतो, कधी उन्हाळ्यात. पत्रात पावसाचा, पिकाचा किंवा सणाचा उल्लेख असेल तर त्यावरून शक्य ती वर्षे कमी करत जायची. मग पत्रातली माणसे त्या काळात कुठे होती, हे दुसऱ्या पत्रांवरून जुळवायचे. काही कागदांवर सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. त्या सनाचे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून हा एकाचा फरक. साल चुकले तर लढाईआधीचे पत्र लढाईनंतर जाऊन बसते आणि सगळा अर्थ फिरतो.

हे काम एका माणसाने किती करायचे? मंडळाची गरज इथून निर्माण झाली.

मंडळात नेमके काय चालायचे?

मंडळामागे सरकार नव्हते, विद्यापीठ नव्हते. शिक्षक, वकील, शास्त्री, सरदार अशी आपला उद्योग सांभाळून येणारी माणसे होती. कुणाच्या आजोळी पेटारा आहे, कुणाच्या गावी शिलालेख आहे, अशी माहिती घेऊन सभासद येत. सभेत कागद वाचला जाई, त्यावर टिपण सादर होई, बाकीचे शंका काढत. नंतर ते छापले जाई. व्यवहार मराठीत. राजवाड्यांनी स्वतःही इंग्रजी उत्तम येत असून संशोधन मराठीतच लिहिले. त्याची किंमतही मोजावी लागली. महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांपर्यंत त्यांचे काम उशिरा आणि अर्धवट पोहोचले.

या पद्धतीतून माणसे घडली. दत्तो वामन पोतदारांनी अनेक दशके मंडळाचा कारभार वाहिला; पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गणेश हरि खरे यांनी मंडळात राहून फारसी साधनांचे खंड संपादित केले.

वाद कोणते झाले?

बरेच झाले आणि सगळ्यांत राजवाडे बरोबर नव्हते. कागद शोधणारे राजवाडे आणि त्यांवरून निष्कर्ष काढणारे राजवाडे, हे दोघे वेगळे धरलेले बरे. जातींबद्दलची त्यांची अनेक मते पूर्वग्रहाची होती. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाविषयीचा त्यांचा मजकूर मंडळाच्या प्रकाशनात आला तेव्हा प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून मंडळाला आणि राजवाड्यांना जाहीर उत्तर दिले. पुराव्याचा आग्रह धरणाऱ्या संस्थेलाच पुरावा मागणारे ते पुस्तक होते. साधने छापण्याचा अधिकार मूठभर लोकांच्या हाती असला की काय होते, हा प्रश्न तेव्हापासून मराठी इतिहासलेखनात आहे.

दुसरीकडे हेच राजवाडे सनातन्यांनाही पेलले नाहीत. ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’मध्ये त्यांनी प्राचीन ग्रंथांच्याच आधारे विवाहसंस्था हळूहळू घडत गेल्याचे, आणि तिच्याआधी स्त्री-पुरुष संबंध मोकळे असल्याचे दाखवले. त्यावर मोठे वादळ उठले. पुढे कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांना हेच लेखन महत्त्वाचे वाटले.

भाषेतही तसेच. बीडजवळ पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांनी शुद्ध केलेल्या प्रतीच्या आधीची आहे, असे त्यांचे म्हणणे. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली, तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. पण मूळ पोथी नंतरच्या अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही, त्यामुळे त्यांचे म्हणणे ताडून पाहण्याचा मार्गच बंद झाला. आयुष्यभर इतरांनी कागद हरवले म्हणून चिडणाऱ्या माणसाबाबत हे घडावे, याचे वाईट वाटते.

मंडळ सोडून ते धुळ्याला का गेले?

स्वतः काढलेल्या संस्थेतही त्यांचे जमले नाही. सहकाऱ्यांशी मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. अखेरच्या काळात त्यांनी धुळ्यात मुक्काम केला. तिथे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव रामदासी मठांमधून कागद आणि पोथ्या गोळा करत होते, त्यामुळे या कामाची जाण असलेली माणसे होती. ‘राधामाधवविलासचंपू’ (१९२२) आणि ‘महिकावतीची बखर’ (१९२४) ही संपादने या शेवटच्या वर्षांतली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले.

१९२७ मध्ये धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. राजवाड्यांचा संग्रह आणि त्यांची अपुरी टिपणे त्यांनी सांभाळली. त्यातूनच ‘मराठी धातुकोश’ १९३७ मध्ये आणि ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशवे दप्तराचे दार संशोधनासाठी खऱ्या अर्थाने उघडले तेही त्यांच्या पश्चात. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले.

आज काय स्थिती आहे? तुमच्या घरात असे कागद असतील तर?

पुण्यातील सदाशिव पेठेतल्या मंडळात आज सुमारे १५ लाख कागद आहेत. शिवाय हस्तलिखिते, नाणी, चित्रे आणि ताम्रपट. व्याख्याने होतात, मोडीचे वर्ग चालतात. रुमाल सोडणे, मऊ ब्रशने धूळ काढणे, घड्या उलगडणे, कागदावर क्रमांक टाकणे, सूची करणे हे काम संपणारे नाही. स्कॅनिंग झाले तरी मोडी कागदाचे बाळबोधीत लिप्यंतर करायला वाचणारा माणूस लागतोच.

गावाकडच्या घरी रुमाल सापडला तर घाईने लॅमिनेशन करू नका आणि फाटक्या जागी सेलोटेप लावू नका. दोन्हींमुळे कागदाचे कायमचे नुकसान होते. रुमालातील क्रम बिघडवू नका, कारण साल नसलेल्या पत्राची तारीख अनेकदा शेजारच्या कागदावरून लागते. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कोरी वाटणारी पाठही सोडू नका. पत्र कधी पोहोचले याची नोंद पुष्कळदा तिथेच केलेली असते.