आगकाड्यांचा जादूगार

दादासाहेब फाळके यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून हात जोडतो. त्यांचे चित्रपट मात्र क्वचितच पाहतो. पाहू लागलो तर पहिली प्रतिक्रिया बहुधा निराशेची होते. १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ घ्या. कॅमेरा नाटकाच्या पहिल्या रांगेतील प्रेक्षकासारखा जागचा हलत नाही, बाळकृष्णाच्या खोड्या नुसत्या ओळीने मांडलेल्या, आणि कालिया तर उघडउघड कृत्रिम. हे दोष खरेच आहेत. पण या माणसाची दृष्टी कशावर खिळली होती हे कळायचे, तर त्याचे चरित्र थोड्या वेगळ्या बाजूने वाचावे लागते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कला विद्यालय, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय. तेथे प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे पुरातत्त्व खात्याची नोकरी, मग मुद्रणव्यवसाय. या साऱ्यात एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. फाळके जादूचे प्रयोग करीत, आणि त्यासाठी आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा बनत.

गिरगावात ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांना जे वेड लागले, त्यापायी विम्याची पॉलिसी गहाण पडली. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. नंतर सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठविले. हेपवर्थ यांचा स्टुडिओ वॉल्टन-ऑन-टेम्स येथे होता. आपल्यापैकी कित्येक जण वॉटर्लूच्या गाडीने त्या स्थानकावरून रोज जातात. तेथे मराठी चित्रपटाचाही एक धागा गुंतला आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. हेपवर्थ स्वतः १९०० साली पडद्यावर मोटारीचा स्फोट घडवून दाखविणारे करामती गृहस्थ. केळफांना याहून योग्य गुरू मिळणे कठीण होते.

विल्यमसन कॅमेरा घेऊन परतल्यावर फाळक्यांनी प्रथम कथा चित्रित केली नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि थोड्याथोड्या अवधीने एकेक फ्रेम टिपून रोपाची वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली. ते पाहून भांडवल उभे राहिले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडली, ती धुतली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला.

१९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला आले. येथे राहून भारतीय चित्रपट काढण्याचा हेपवर्थ यांचा प्रस्ताव त्यांनी नाकारला. परदेशी स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांना हा निर्णय थोडा टोचतोच. त्यात महायुद्ध पेटले आणि भांडवल आटले. त्या ओढगस्तीत नाशकात ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट जन्मला. आगकाड्या किंचित सरकवायच्या, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायच्या. वाटाण्याच्या वेळचीच ती युक्ती. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी आगकाड्या आधीच नाचविल्या होत्या. पण जपानचे पहिले अॅनिमेशनपट १९१७ चे, हे लक्षात घेतले तर नाशिकचा माणूस किती पुढे होता ते समजते.

हे ठाऊक असले की ‘कालिया मर्दन’ निराळा दिसतो. आरंभी फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी साध्या चेहऱ्याने नाना भाव दाखविते, आणि डोळ्यांदेखत तो चेहरा विरघळून बाळकृष्ण होतो. जादूगार आधी रिकामी टोपी दाखवितो, तसेच हे! पुढे यमुनेच्या पाण्याखाली झुंज आणि काठावर व्याकूळ गोकुळ, अशी आलटून पालटून येणारी दृश्ये कथेतील ढिलाई विसरायला लावतात. नाट्यदिग्दर्शक म्हणून फाळके उणे पडतात, हे मान्य करावे. चित्रांचे किमयागार म्हणून मात्र त्यांची जागा फ्रान्सच्या मेलिएसच्या शेजारी आहे.

पुढची वर्षे उताराची. कंपनीतील मतभेद, राजीनामा, काशीवास, पुनरागमन. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार होईतो बोलपट अवतरले होते. १९३७ चा ‘गंगावतरण’ अखेरचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे, तेही बहुतेक तुकड्यांच्या रूपात, उरले आहेत. त्यांत ‘आगकाड्यांची मौज’ नाही.