पं. विष्णु दिगंबर पलुसकर : मुंबईची कमाई आणि गोदातीरीचा विसावा

मनुष्य पोटासाठी गाव सोडतो. कोणी मुंबईस गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी कचेरीत. उमेदीची वर्षे तेथे काढावीत, चार पैसे गाठीस बांधावेत आणि हातपाय थकण्यापूर्वी गावी येऊन देवाच्या सावलीत राहावे, ही कित्येक पिढ्यांची रीत आहे. परंतु मुंबईची मिळकत जशी मोठी तसा तेथील खर्चही मोठा. जागेचे भाडे, खानावळ, जाणे-येणे, आल्यागेल्याचे आदरातिथ्य यांतून हाती पडलेला रुपया गावापर्यंत पोचता पोचता चार आण्यांवर येतो. हा हिशेब थोरामोठ्यांनाही चुकला नाही. संगीतमहर्षी पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

पंडितजींचा जन्म दि. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुसकर झाले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. घरात द्रव्य बेताचे, परंतु हरिनामाची वाण नव्हती. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू उडून विष्णूच्या डोळ्यांस इजा झाली व दृष्टी कायमची अधू झाली. शाळेचे शिक्षण खुंटले. उपचारासाठी त्यास मिरजेस नेले. तेथेच मिरज संस्थानाच्या आश्रयाने गायनाचार्य पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी त्याची संगीताची तालीम सुरू झाली. पहाटेपासून मेहनत, गुरूची सेवा आणि पुन्हा मेहनत, अशी सुमारे बारा वर्षे गेली.

त्या काळी गवयाची कला सर्वांना हवी असे, पण त्याला पंगतीत मानाचे पान मिळत नसे. ही गोष्ट पंडितजींच्या मनाला फार लागली. राजाश्रयावर सुखाने राहता आले असते, तरी १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. बडोदे, ग्वाल्हेर, काठेवाड, मथुरा असे फिरत ते पंजाबात गेले. वाटेत त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. गवयाने दरबाराच्या बक्षिसावर न जगता रसिकांच्या उघड आश्रयावर मानाने जगावे, हा त्यामागील विचार होता.

दि. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. गुरूच्या घरी राहूनच मिळणारी विद्या तेथे वर्गात बसून, ठरलेल्या अभ्यासक्रमाने व फी भरून शिकता येऊ लागली. स्वरलेखनाची पद्धत त्यांनी बसविली, क्रमिक पुस्तके छापली. त्याचबरोबर उपदेशक वर्ग काढला. या वर्गातील मुलांनी बरीच वर्षे शिकण्याचा करार करावा, त्यांच्या राहण्या-जेवणाचा भार विद्यालयाने सोसावा आणि पुढे त्यांनी गावोगाव संगीताचा प्रसार करावा, अशी ती योजना होती. गरिबाच्या मुलाला याहून मोठा आधार कोणता? परंतु इतक्या मुलांना रोज दोन वेळा जेवू घालायचे ते पंडितजींच्या गळ्याच्या बळावर.

१९०८ साली मुंबईस विद्यालय निघाले व हळूहळू सर्व कार्य तेथेच एकवटले. मुंबईस शिकणारे पुष्कळ होते. वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्या घरची माणसे गाणे शिकू लागली. घरंदाज स्त्रियाही शिकू लागल्या; त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. फी येत होती, पुस्तके खपत होती, जलशांना गर्दी होत होती. लाहोरपेक्षा मुंबईची आवक मोठी यात शंका नाही. परंतु खर्चही तसाच वाढला. भाड्याच्या जागेत विद्यालय, वसतिगृह व छापखाना चालवावयाचा म्हणजे आलेला पैसा घरमालकाच्या हाती जावयाचा. तेव्हा विद्यालयाची स्वतःची इमारत असावी असे पंडितजींच्या मनाने घेतले, आणि सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत उभी राहिली.

गाण्याच्या शाळेला भर मुंबईत स्वतःची इमारत! गवयाला मान नाही म्हणून ज्याने मिरज सोडली, त्याच्या आयुष्यातील हा केवढा आनंदाचा क्षण असेल. परंतु या इमारतीच्या पायात कर्ज होते. भाडे देणे थांबले आणि व्याज देणे सुरू झाले. भाडेकरूला परवडले नाही तर तो जागा बदलू शकतो. कर्ज काढून बांधणाऱ्याला ती मोकळीक नसते. व्याज भागविण्यासाठी पंडितजी गावोगाव जलसे करीत हिंडू लागले. दौऱ्यात मिळवावे आणि मुंबईस आणून भरावे, असा क्रम पडला. ते बाहेर असले म्हणजे विद्यालयावरील त्यांची नजर कमी होई, आणि मुंबईत थांबले तर मिळकत थांबे. वसतिगृहातील मुले कमी केली असती, फुकट जेवण बंद केले असते, तर कदाचित तोंडमिळवणी झाली असती. ते त्यांनी केले नाही. खर्चाच्या बाबतीत त्यांचे अंदाज चुकले हे मान्य करावे लागेल. पण चैनीपायी त्यांनी पैसा उधळला असे कोणी म्हणू शकणार नाही.

याच काळात त्यांचे मन रामभक्तीकडे अधिकाधिक वळू लागले. तुलसीरामायण आणि रामनामाचे भजन हेच त्यांचे मुख्य गाणे झाले. १९२२ साली त्यांनी नाशिक येथे रामनाम आधार आश्रम स्थापन केला. मुंबईच्या मानाने नाशिकचे राहणे पुष्कळच स्वस्त होते. गोदावरीचे स्नान, भजन, साधे जेवण आणि पुढे बसलेले थोडे शिष्य, इतके असले की दिवस पार पडे. ज्या माणसाने बारा वर्षे गुरुगृही काढली त्याला याहून जास्त लागत नव्हते. मोठ्या खर्चाची गरज विद्यालयाला होती, विद्यालयाच्या चालकाला नव्हती, हे नाशिकास उघड झाले.

अखेर १९२४ च्या सुमारास सावकारांच्या देण्यापायी मुंबईच्या इमारतीचा लिलाव झाला व विद्यालय बंद पडले. तेव्हा पंडितजींचे वय बावन्न वर्षांचे होते. नोकरदार माणूस ज्या वयात निवृत्तीचा व शिलकीचा विचार करू लागतो, त्या वयात त्यांची सारी स्थावर कमाई बोली लावून दुसऱ्याच्या हाती गेली. घरचे दुःख तर याहूनही दारुण होते. बारा अपत्यांपैकी अकरा त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रय तेवढा राहिला. अशा अवस्थेत मनुष्य एक तर खचतो, नाही तर देवाला दोष देतो. पंडितजी नाशिकास रामापुढे बसून गात राहिले. त्यांच्या आश्रमाच्या नावातील आधार हा शब्द उगाच घातलेला नव्हता.

दि. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या गावी डोळ्यांच्या उपचारासाठी येऊन त्यांना स्वर सापडला, त्याच गावी तो स्वर थांबला. तेव्हा दत्तात्रय अवघा दहा वर्षांचा होता.

मग पंडितजींची कमाई गेली कोठे? त्याचा जमाखर्च मांडून पाहावा. उपदेशक वर्गात जेवलेली व शिकलेली मुले आता मोठी झाली होती. पं. ओंकारनाथ ठाकूर यांचे नाव देशभर झाले व पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयातील संगीत शिक्षणाची धुरा त्यांनी वाहिली. इमारत गेलेल्या मुंबईतच १९२५ साली प्रा. बा. र. देवधर यांनी आपले संगीत विद्यालय काढले. पं. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. गुरूच्या निधनाच्या वर्षीच शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. पं. नारायण मोरेश्वर खरे यांना पंडितजींनी गांधीजींच्या साबरमती आश्रमात पाठविले होते. आश्रमाची प्रार्थना त्यांनी स्वरात बसविली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते गात चालले. पोरका झालेला दत्तात्रयही पं. विनायकराव पटवर्धन व पं. नारायणराव व्यास यांच्यापाशी शिकून नामांकित गवई झाला. १९५५ साली तो अल्पवयात गेला, पण त्याची भजने लोकांच्या कानांत राहिली. १९७३ साली भारत सरकारने पंडितजींच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

लिलावात चुना, विटा व लाकूड गेले. ज्यांना खाऊ घातले, ज्यांना शिकविले, त्यांच्यावर कोणाला बोली लावता आली नाही.

या चरित्रातून घेण्यासारखे दोन बोध आहेत. मोठ्या शहरात मिळविणाऱ्याने आपली गरज कोणती व शहराची गरज कोणती, हे वेळीच ओळखावे. स्वतःची गरज थोडी ठेवणाऱ्याला उतारवयात कोठेही आसरा मिळतो. दुसरा बोध बांधकाम करणाऱ्यांसाठी आहे. काम कितीही पवित्र असो, ते कर्जाच्या पायावर उभारू नये. वर्गणी जमेल तसा एकेक थर चढवावा, म्हणजे कळस चढेल त्या दिवशी कोणाचे देणे राहणार नाही. जीर्णोद्धार हाती घेणाऱ्या प्रत्येक गावाने हे ध्यानी ठेवावे.

आणि देऊळ बांधून झाले तरी तेथे सायंकाळी कोणी गाणारे नसेल, तर त्या भिंतींना शोभा नाही. टाळ वाजावा, पेटीवर सूर धरावा, लहान मुलांनी मोठ्यांच्या मागे रामनाम म्हणावे. पंडितजींनी मुंबईत गमावले व गोदातीरी मिळविले ते हेच.

संगीतमहर्षींच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.